मेव्हण्याच्या हातचा दोर

हिंमतराव पाटलांनी जन्मात कुणाच्या सांगण्यावरून एकही गोष्ट खरी मानली नाही. गोमाईला पूर आला असं सारं गाव ओरडत असलं, तरी हे शांतपणे म्हणायचे, "मी दखेल नही." मी पाहिलेलं नाही, म्हणजे ते झालेलं नाही. मग काठी घेऊन नदीवर जायचे, पाण्यात टाच बुडवायचे आणि परत येऊन गावाला सांगायचे की पूर आला आहे. गाव तोवर गुरंढोरं घेऊन उंचावर गेलेलं असायचं.

शहाद्याजवळ गोमाईच्या काठी त्यांची काळी कसदार जमीन होती, विहिरीवर दोन मोटा चालायच्या. तेव्हा हा सगळा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा आणि इंग्रजांचं राज्य होतं. हिंमतरावांचा विश्वास इंग्रजांवर नव्हता तसा आपल्या माणसांवरही नव्हता, या बाबतीत त्यांनी दुजाभाव कधी केला नाही. दूध आलं की त्यात बोट बुडवून बघायचे. कडबा मोजून घेतला तरी एक पेंढी सोडून आत हात घालायचे. आणि पहाटे मोट जुंपण्याआधी नाड्याला, म्हणजे मोटेच्या जाड दोराला, दोन सणसणीत हिसडे मारल्याशिवाय बैलांना पाऊल उचलू द्यायचे नाहीत. त्यांच्या लहानपणी शेजारच्या विहिरीवर नाडा तुटून माणूस जायबंदी झाला होता. हे मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून दोर दिसला की त्यांचा हात आपोआप जायचा. पाळण्याचा दोर असो की बादलीचा, दोन हिसडे ठरलेले. लग्नात बोहल्यावर चढण्याआधी नवरदेवानं मांडवाचे दोर हिसडून पाहिले, असं त्यांच्या सासरवाडीचे लोक सांगत. हिंमतराव ते नाकारत नसत. मांडव पडला नव्हता, एवढंच म्हणत.

अशा माणसाशी सिंधुबाईनं संसार केला. बाई शांत होती, आणि खरी होती. नवऱ्यानं दहादा विचारलं तरी दहादा तेच उत्तर, एका अक्षराचा फरक नाही. हिंमतरावांनी वर्षानुवर्षं पारखून शेवटी एवढं मान्य केलं होतं की ही बाई खोटं बोलत नाही. त्यांच्या तोंडून निघालेली ही सगळ्यात मोठी स्तुती, आणि तीही त्यांनी बायकोला कधी ऐकवली नव्हती.

बाईचं एकच दुःख होतं, तिचं माहेर. तिचा धाकटा भाऊ नवल यानं एकदा सारंगखेड्याच्या यात्रेत हिंमतरावांना बैल निवडून दिला. बैल दिसायला देखणा, चालायला ऐटबाज. घरी आला आणि महिन्याच्या आत मोटेच्या उतरत्या धावेवर मटकन बसायला लागला. काही केल्या उठेना. नवलनं पोटच्या पोरांच्या शपथा घेतल्या की त्याला या खोडीचा पत्ता नव्हता. पण हिंमतरावांनी बैलाचं बसणं पाहिलं होतं आणि नवलचं मन पाहिलेलं नव्हतं. त्यांनी निकाल दिला की मेव्हण्यानं जाणूनबुजून फसवलं. त्या दिवसापासून सिंधुबाईचं माहेर बंद झालं.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी गेली नाही तर तिचं वर्ष फुकट जातं. लिंबाला झोके बांधलेले असतात, गाणी चाललेली असतात, आमरस-पुरणपोळीच्या पंगती उठतात. सिंधुबाई मात्र दर आखाजीला आपल्याच दारात उभी राहून दुसऱ्यांच्या लेकी झोक्यावर चढताना बघायची. तिची आई भिकुबाई म्हातारी झाली होती, नजर गेली होती, आणि दर वर्षी गाडीची चाकं वाजली की विचारायची, सिंधू आली का.

मग हिंमतरावांची झोप उडाली. कडी लावली की नाही, गोठ्याचं दार ओढलं की नाही, या विचारात ते रात्रभर येरझाऱ्या घालायला लागले. शहाद्याच्या डॉक्टरनं नाडी बघितली, डोळे बघितले आणि सांगितलं की औषध लागू पडणार नाही. जिथं तपासायला काही नसेल अशा ठिकाणी थोडे दिवस हवा खायला जा. हिंमतरावांनी आधी डॉक्टरचीच शंका घेतली. पण रब्बी घरात आली होती, शेतात काम नव्हतं, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

नवल सातपुड्यात सागाच्या नि बांबूच्या व्यापारात होता. तोरणमाळावर त्याची एक झोपडी होती. त्यानं बहिणीला निरोप धाडला की दाजींना घेऊन वर या, उन्हाळ्यात तिथं गार असतं. निरोप ऐकताच हिंमतरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढी वर्षं तोंड न पाहिलेल्या माणसाला आपल्या झोपेची काळजी कशासाठी? सिंधुबाई बोचकं बांधायला लागली. जायच्या आदल्या दिवशी तेवढं म्हणाली, "औंदा आखाजीले माले माहेर जाऊ द्या. माय आते थकनी."

"दखसूत," हिंमतराव म्हणाले. बघू. हा शब्द तिनं आजवर इतक्यांदा ऐकला होता की त्याचा अर्थ तिला पाठ होता. तरी या वेळी तिनं मनाशी धरलं की दोघं पुरुष वर चार दिवस एकत्र राहिले तर काही तरी सुटेल. नाही सुटलं, तर आईचं तोंड बघणं आता राहिलंच.

पायथ्याशी गाडी सोडून नवराबायको घाट चढले. वर हवा खरंच गार होती, तलावावरून वारा यायचा, मोहाच्या फुलांचा वास होता. हिंमतरावांना हे सगळं जरा जास्तच चांगलं वाटलं. नवलनं त्यांना स्वतःची खाट दिली. का दिली? त्यांनी खाटेखाली वाकून पाहिलं. झोपडीच्या दाराला कडीच नव्हती. का नव्हती? नवल म्हणाला, इथं कुणी चोरत नाही. चोर असंच म्हणणार, असं हिंमतरावांना वाटलं. पहिल्या रात्री ते दाराला पाठ लावून बसले.

त्यांना सगळ्यात खटकला वीरसिंग. हा तिथला पावरा आदिवासी, पिढीजात मध काढणारा, नवलच्या कामावर बांबू तोडायचा. तो आणि नवल पावरी बोलीत बोलायचे आणि मधूनच हसायचे. हिंमतरावांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, म्हणजे ते आपल्याबद्दलच असणार याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका नसलेली ही त्यांची एकमेव गोष्ट.

त्या वीरसिंगनं एक दिवस सांगितलं की पाहुण्यांना साखळीचा कडा दाखवू. झोपडीपासून थोड्या अंतरावर एक उभा कडा होता. जुन्या काळी कुणा मोजणीवाल्या साहेबानं वर निशाण रोवायला म्हणून त्या कड्यात लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या आणि हाताला धरायला साखळी टांगली होती. साहेब गेला, निशाण गेलं, खुंट्या राहिल्या. वर देवाचं ठाणं होतं आणि तिथून तापीपर्यंतचा मुलूख दिसतो म्हणून हवा खायला आलेल्या लोकांना वीरसिंग तिथं घेऊन जायचा. पायाखाली खुंटी, हातात साखळी आणि कमरेला अंजनाच्या सालीचा दोर. दोराचं दुसरं टोक वर बसलेल्या माणसाच्या हातात.

आणि तो माणूस कोण, याचा मध काढणाऱ्यांचा एक नियम होता. वीरसिंगनं तो अहिराणीत सांगितला, "दोर साला धरस. बहीननं कुकू तो पडू देवाव नही." बायकोचा भाऊच दोर धरणार, कारण दुसरा कुणी सोडील, पण आपल्या बहिणीचं कुंकू कुणी आपल्या हातानं पुसत नाही. बाई चढणार असेल तर तिचाही भाऊच. वीरसिंगच्या बापाचा दोर वीरसिंगच्या मामानं धरला होता.

हिंमतरावांनी हे ऐकलं आणि नवलकडे पाहिलं. नवल जमिनीकडे बघत होता. हा नियम कधीपासूनचा आहे, काल रात्री तर केलेला नाही ना, असं त्यांनी विचारलं. वीरसिंगला प्रश्नच कळला नाही. हिंमतराव म्हणाले की आपण खालीच बसतो, तुम्ही जाऊन या.

वीरसिंगनं मग दोराच्या खुणा समजावल्या. लांब ओढ दिली की वरचा माणूस दोर ताणतो. लागोपाठ दोन हिसडे दिले की तो ढील देतो, म्हणजे बाजूला वळून मधाच्या पोळ्यापर्यंत पोचता येतं. सिंधुबाईनं मान डोलावत सगळं ऐकलं. हिंमतराव त्या वेळी दोराचं टोक उलगडून आत कुजकी साल घातली आहे का ते बघत होते. खुणांचं एक अक्षरही त्यांच्या कानात शिरलं नाही.

नवल सवयीचा होता, तो पुढं चढून वर गेला आणि दोर खाली सोडला. मग सिंधुबाई लुगड्याचा काष्टा घट्ट करून चढली, वीरसिंग तिच्या बाजूनं. ही बाई कधी ओट्यावरून उडी मारणारी नव्हे, पण खुंटीमागून खुंटी चढून गेली आणि कड्यापलीकडे दिसेनाशी झाली. वरून तिचं हसणं ऐकू आलं. हिंमतरावांनी तिचं असं हसणं किती तरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

वीरसिंग परत खाली आला आणि दगडावर बसून राहिला. हिंमतराव येरझाऱ्या घालायला लागले. वर बहीणभाऊ दोघंच. काय बोलत असतील? आखाजीचं ठरवत असतील. आपल्याला न सांगता परस्पर घेऊन जायचा बेत असेल. बैलाची गोष्टही निघाली असेल आणि हसणं त्याचंच असेल. खाली राहून काही कळणार नव्हतं, आणि न पाहता राहवणार नव्हतं. शेवटी त्यांनी धोतर खोचलं आणि वीरसिंगला म्हणाले, बांध दोर. वीरसिंगनं हाक दिली तसा नवलनं दोर पुन्हा खाली सोडला. संशयानं माणूस बसल्या जागी कुढतो असं आपण म्हणतो. हिंमतरावांना तर संशयानं कड्यावर चढवलं.

निम्म्यापर्यंत ते नीट चढले. प्रत्येक खुंटी आधी हातानं हलवून बघायची, मगच पाय ठेवायचा. साखळी ओढून बघायची. मधे कड्याला एक फुगवटा होता, त्याच्यापुढचा दगडांचा चुरा काढायला वीरसिंग पुढं गेला आणि दिसेनासा झाला. हिंमतराव एका अरुंद पायरीवर एकटे उभे राहिले. त्यांनी खाली पाहिलं. झाडांचे शेंडे पायाखाली होते. आणि आपण ज्या दोराला बांधले गेलो आहोत तो नवलच्या हातात आहे, ही गोष्ट त्यांना आत्ता कुठं जाणवली.

त्यांचा हात आपोआप दोराकडे गेला. विहिरीवर मारायचे तसे त्यांनी दोन सणसणीत हिसडे मारले.

दोर वरून सरसरत खाली आला. त्याचं एक वेटोळं त्यांच्या छातीवर लोंबायला लागलं.

चुकून झालं असेल म्हणून हिंमतरावांनी पुन्हा दोन हिसडे मारले. पुन्हा तेवढाच दोर खाली. आता संशय उरला नाही. खोटं कशाला सांगू, भीती वाटण्याआधी त्यांना क्षणभर समाधान वाटलं. जे आपण इतकी वर्षं म्हणत होतो ते आज डोळ्यांनी पाहिलं. नवल दोर सोडतो आहे. बैलही त्यानंच जाणूनबुजून दिला होता. बायको उगीच रडत होती, आपणच खरे होतो.

मग भीती आली. वैऱ्याच्या हातातल्या दोराला बांधून घेण्यापेक्षा मोकळं असलेलं बरं, असं त्यांच्या मनानं घेतलं. साखळी आपण ओढून पाहिली आहे, ती आपली. त्यांनी एका हातानं साखळी धरली आणि दुसऱ्या हातानं कमरेची गाठ सोडायला घेतली. एक पेच सुटला. दुसऱ्यात त्यांनी नख घातलं.

वर सिंधुबाई कड्याच्या टोकाशी, फुगवटा आड येणार नाही अशा जागी, पोटावर पडून नवऱ्याची वाट बघत होती. तिला लोंबणारा दोर दिसला आणि नवऱ्याचा कमरेवरचा हात दिसला. दोन हिसडे तिनं ऐकलेल्या खुणांतले होते आणि रोज पहाटे विहिरीवर पाहिलेलेही होते. काय घडलं ते तिला त्याच घटकेला उमगलं. तुम्हीच ढील मागितलीत असं ओरडून सांगता आलं असतं. पण तिला आपला माणूस ठाऊक होता. तो विचारणार, कुणी सांगितलं, नवलनं? आणि गाठ सोडत राहणार. तिनं मागं वळून भावाला खुणेनं बजावलं की आता काही झालं तरी ढील देऊ नको. मग खाली वाकली आणि नेहमीच्या आवाजात, जेवायला वाढलंय म्हणून सांगावं तशी म्हणाली, "दोर सोडू नका. तो मन्हा हातमा शे."

हिंमतरावांनी वर पाहिलं. "कोन्हा हातमा?"

"मन्हा. नवल बाजूले बठेल शे. मी धरेल शे दोर."

हिंमतराव थांबले. त्यांनी काहीही तपासलं नाही. हिसडा मारला नाही, पुन्हा विचारलं नाही. ज्या बाईनं जन्मात खोटा शब्द उच्चारला नव्हता तिनं सांगितलं होतं, एवढं पुरे होतं. त्यांनी सुटलेला पेच पुन्हा आवळला. वरून दोर ताणला गेला आणि ते पुढच्या खुंटीवर चढले.

ती खुंटी त्यांनीच थोड्या वेळापूर्वी गदागदा हलवून पारखली होती. ती फिरली. पाय निसटला, साखळी हातातून सुटली, आणि हिंमतराव पाटील गोमाईकाठच्या सगळ्या शेतीवाडीसकट हवेत लोंबकळले. दोर कमरेत रुतला पण हलला नाही. फुगवट्यावरून वीरसिंगचा हात आला, त्यानं त्यांना मनगटाला धरून ओढून घेतलं. उरलेला कडा ते कसे चढले ते त्यांना पुढं कधीच आठवलं नाही.

वर आल्यावर ते देवाच्या ठाण्याशी डोळे मिटून बसले. उघडले तेव्हा समोर नवल होता. दगडाला पाय लावून बसलेला, पाठीवरून दोर घेतलेला, आणि दोन्ही तळहात सोललेले. रक्त मनगटापर्यंत आलं होतं. वीरसिंग कसला तरी पाला चावून त्याच्या हातावर लावत होता. नवल ओशाळून सांगायला लागला की दाजींनी दोनदा ढील मागितली म्हणून आपण दिली, मग बहीण म्हणाली आता देऊ नको. काही चुकलं असेल तर माफ करा. हिंमतरावांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. नाड्याला हिसडे मारून मारून त्यावर घट्टे पडले होते.

सिंधुबाई वाळक्या दुधीच्या तुंब्यातलं पाणी घेऊन आली. तिनं दोन्ही हातांनी दुधी पुढं केली. हिंमतरावांनी तिचे तळहात पाहिले. स्वच्छ होते. ओरखडासुद्धा नव्हता. तिला ते बघताहेत हे कळलं. आता प्रश्न येणार, एकदा नाही, दहादा येणार, असं धरून ती उभी राहिली. हिंमतराव पाणी प्यायले आणि दुधी परत दिली. काही विचारलं नाही.

वरून तापीचा मुलूख दिसतो म्हणतात. त्या दिवशी धुरकट होतं, काही दिसलं नाही. ते मागच्या लांबच्या वाटेनं रानातून खाली उतरले. त्या रात्री हिंमतराव बिनकडीच्या झोपडीत घोरत झोपले, आणि सिंधुबाई मात्र जागी राहिली. आपलं खोटं पकडलं गेलं आहे, आता बोलण्याला किंमत उरली नाही आणि माहेर तर गेलंच, असं तिच्या मनानं घेतलं. घरी परतल्यावर आखाजी जवळ आली, तरी तिनं माहेराचं नाव काढलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी होती. हिंमतराव दारात येऊन उभे राहिले.

"गाडी जुपेल शे," ते म्हणाले. "ऊन तपाना पहिले निंघू."

तिला आधी कळेना. मग तिनं पीठ भरलेल्या हातानंच पदर सावरला आणि गाडीत बसली. गाडी ते स्वतः हाकत होते. निघण्याआधी सवयीनं त्यांनी जुवाचा दोर दोनदा हिसडून घेतला. माणूस काही मुळापासून बदलत नाही. गावाची शीव मागं पडली. ज्या गोष्टीच्या जोरावर आपण माहेरी चाललो ती खोटी आहे, हे ओझं सिंधुबाईला माहेरच्या दारापर्यंत नेववेना. नदीच्या उतारावर ती कशीबशी म्हणाली की त्या दिवशी कड्यावर आपण जे बोललो, ते दोराचं...

हिंमतरावांनी मागं वळून पाहिलं नाही. बैलांच्या पाठीवरचा हात तसाच ठेवून ते म्हणाले, "दोर तुन्हाच हातमा व्हता. मी दखेल शे."

सिंधुबाई रडायला लागली. तिचं माहेर येईपर्यंत ती रडत होती आणि हिंमतराव बैलांशी काहीबाही बोलत होते. दारापाशी गाडीची चाकं वाजली तशी आत म्हातारीनं विचारलं, सिंधू आली का. या वेळी नवल म्हणाला, हो.